सुनावणी तहकूब, विमाने रवाना

कोर्टात तारखेवर तारीख पडते म्हणून आपण कोर्टाच्या नावाने बोटे मोडतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच आपल्या घरांतल्या पिढ्या वाढल्या. पण ज्याला देशाबाहेर काढायचे ठरले आहे, त्याच्यासाठी पुढची तारीख म्हणजे कटकट नसते. पुढची तारीख पडली म्हणजे तोवर तो माणूस इथे आहे, त्याच्या वकिलाला त्याचा ठावठिकाणा माहीत आहे, आणि त्याचे म्हणणे कुणीतरी ऐकणार आहे. ही मुदत काढून घेतली की कायद्याच्या पुस्तकातले सगळे हक्क शाबूत राहतात, फक्त ते वापरणारा माणूस तिथे उरत नाही.

शनिवार, १५ मार्च २०२५ या दिवशी अमेरिकेत नेमके हे घडले. त्या दिवसाचा हा घटनाक्रम. वेळा वॉशिंग्टनच्या घड्याळाच्या आहेत. माणसांना जिथून नेले ते टेक्सासचे हार्लिंजन त्यावेळी एक तास मागे होते, जिथे नेले ते एल साल्वाडोर दोन तास मागे आणि आपण साडेनऊ तास पुढे.

शुक्रवार, १४ मार्च : दिवसभर

अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका घोषणापत्रावर सही केली, पण त्या दिवशी ते जाहीर केले नाही. घोषणापत्राचा आधार होता १७९८ सालचा ‘एलियन एनिमीज अ‍ॅक्ट’. शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना पकडण्याचा आणि देशाबाहेर घालवण्याचा अधिकार अध्यक्षांना देणारा हा कायदा त्याआधी तीनदाच वापरला गेला होता : १८१२ चे युद्ध, पहिले महायुद्ध आणि दुसरे महायुद्ध. तिन्ही वेळा अमेरिका रीतसर युद्धात होती. या खेपेला युद्ध नव्हते. ‘त्रेन दे अराग्वा’ ही व्हेनेझुएलातली गुन्हेगारी टोळी अमेरिकेवर आक्रमण करते आहे, असे घोषणापत्रात म्हटले होते. टोळीचा सदस्य ठरवला गेलेला, चौदा वर्षे किंवा त्याहून मोठा आणि अमेरिकेचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना नसलेला कोणताही व्हेनेझुएलन माणूस त्याच्या कक्षेत येत होता.

सदस्य कोण, हे कसे ठरवायचे? त्यासाठी केलेला गुणांचा तक्ता पुढे न्यायालयात आला. आठ गुण भरले की माणूस टोळीचा. टोळीशी जोडता येईल असे वाटणाऱ्या गोंदणाला चार गुण. म्हणजे अंगावरच्या चित्राने निम्मी वाट संपत होती.

टेक्सासच्या दक्षिण टोकाला रेमंडव्हिल नावाच्या गावात ‘एल व्हाये’ हे स्थानबद्धता केंद्र आहे. आधीच्या काही दिवसांत देशभरच्या केंद्रांतून व्हेनेझुएलन पुरुष तिथे आणून ठेवले जात होते. वकिलांना याची खबर दिली नव्हती. कुणाचा अशील ठरलेल्या फोनला आला नाही, कुणाचा आश्रयाच्या सुनावणीला हजर केला गेला नाही. अशा प्रकरणांतले वकील केंद्राच्या फोनवरचा आवाज ऐकून ओळखतात : ‘हलवले आहे’ म्हणणारा माणूस कुठे हलवले ते सांगत नसेल, तर वेळ थोडा उरला आहे.

ज्या कागदाच्या आधारे या माणसांना घालवायचे होते, त्यावर स्वच्छ छापले होते की त्यांना सुनावणीचा, अपिलाचा किंवा न्यायालयीन फेरतपासणीचा हक्क नाही. कागद इंग्रजीत होता आणि वाचणारे स्पॅनिश बोलणारे होते.

त्याच दिवशी न्याय खात्यात एक बैठक झाली. खात्यातले वकील एरेझ रूवेनी यांना पुढे नोकरीवरून काढले गेले. त्यानंतर त्यांनी लेखी तक्रारीत म्हटले की काहीही झाले तरी विमाने उडालीच पाहिजेत, असे वरिष्ठ अधिकारी एमिल बोव्ही यांनी त्या बैठकीत सांगितले आणि न्यायालयाचा आदेश धुडकावण्याचीही भाषा केली. न्यायालयाचा आदेश मोडण्याचा सल्ला आपण दिला नाही, असे बोव्ही यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले.

शनिवार, पहाट

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन आणि डेमॉक्रसी फॉरवर्ड या संस्थांच्या वकिलांनी वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात तातडीचा अर्ज दाखल केला. घोषणापत्र अजून जाहीर झाले नव्हते. जो कागद डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्याला आव्हान द्यायचे होते. अर्जदार पाच व्हेनेझुएलन पुरुष होते. घाबरलेल्या माणसांची नावे उघड होऊ नयेत म्हणून फक्त आद्याक्षरे लिहिली गेली. पहिला ‘जे. जी. जी.’, आणि खटल्यालाही तेच नाव पडले : ‘जे. जी. जी. विरुद्ध ट्रम्प’.

हे पाच जण इतरांपेक्षा निर्दोष होते म्हणून निवडले गेले नव्हते. त्यांना वकील होते आणि त्या रात्री ते वकील जागे होते. अमेरिकेत चोरीच्या खटल्यातल्या गरीब आरोपीला सरकार वकील देते. हद्दपारी मात्र दिवाणी बाब समजली जाते. वकील जरूर करा, पण सरकारचा पैसा न लागता, असे कायदाच सांगतो. इन्ग्रिड ईगली आणि स्टीव्हन शेफर यांनी २००७ ते २०१२ या काळातल्या हद्दपारीच्या प्रकरणांचा अभ्यास केला. तेव्हा एकूण माणसांपैकी ३७ टक्क्यांना वकील मिळाला होता, आणि स्थानबद्ध असलेल्यांपैकी अवघ्या १४ टक्क्यांना. ज्याला वकिलाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याकडेच वकील सर्वांत कमी वेळा असतो. एल व्हाये केंद्रातल्या बहुतेकांना तर आपल्यावर काय चालून येते आहे, हेही धड ठाऊक नव्हते.

सकाळी १० च्या आत

प्रकरण जेम्स बोसबर्ग यांच्याकडे आले. ते त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. धाकट्या बुश यांनी त्यांना आधी वॉशिंग्टनच्या स्थानिक न्यायालयावर नेमले होते, पुढे ओबामांनी संघीय न्यायालयावर. सुट्टीसाठी ते शहराबाहेर होते. त्यांनी तात्पुरता मनाईहुकूम काढला : या पाच जणांना देशाबाहेर नेऊ नये. उरलेल्यांच्या वतीनेही अर्ज होता, त्यावर संध्याकाळी पाच वाजता व्हिडिओद्वारे सुनावणी ठेवली.

पाच जण वाचले होते. सातआठ तास हातात होते.

दुपारी ४ च्या सुमारास

घोषणापत्र व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर झळकले. सुनावणीला जेमतेम तास उरला होता. टेक्सासमध्ये त्या वेळी माणसांना बेड्या घालून हार्लिंजनच्या विमानतळाकडे नेले जात होते. ज्या कायद्याखाली आपल्याला नेले जाते आहे तो लागू झाल्याची बातमी जगाला मिळाली, तेव्हा हे लोक वकिलाला फोनही करू शकत नव्हते.

संध्याकाळी ५:००

सुनावणी सुरू झाली. न्यायाधीशाचा झगा, टाय काहीच सोबत आणले नाही, असे म्हणत न्यायाधीशांनी साध्या कपड्यांबद्दल दिलगिरी व्यक्त केली. अर्जदारांकडून ली गेलर्न्ट उभे होते, सरकारकडून ड्रू एन्साइन.

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना साधा प्रश्न विचारला : या घोषणापत्राखाली पुढच्या चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांत कुणाला देशाबाहेर नेले जाणार आहे का? एन्साइन म्हणाले, मला माहीत नाही, माहिती घ्यावी लागेल.

५:२२

माहिती घेता यावी म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी सुमारे चाळीस मिनिटे तहकूब केली.

त्यांच्या जागी कोणताही समंजस न्यायाधीश हेच करता. सरकारी वकिलाला माहिती नसेल तर ती आणायला वेळ द्यायचा, हा न्यायालयाचा शिरस्ता आहे. सरकार न्यायालयापासून काही लपवणार नाही, या विश्वासावर तो उभा असतो. तहकुबी म्हणजे दोन्ही बाजू जिथे आहेत तिथेच थांबतील, हे न लिहिलेले वचन.

५:२६ आणि ५:४५

हार्लिंजनच्या धावपट्टीवरून पहिले विमान ५:२६ च्या सुमारास उडाले. न्यायालय तहकूब होऊन चार मिनिटे झाली होती. दुसरे ५:४५ च्या आसपास उडाले. न्यायालय तहकूबच होते.

६:०० च्या सुमारास

सुनावणी पुन्हा सुरू झाली. एन्साइन यांनी सांगितले की मोहिमेचा तपशील राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव उघड करता येत नाही. न्यायाधीशांनी लोकांसाठी खुली असलेली फोनवाहिनी बंद करवली आणि एकांतात सांगा म्हटले. तरीही तपशील मिळाला नाही. गेलर्न्ट यांच्या बाजूचे लोक तोवर विमानांच्या हालचालींची सर्वांना दिसणारी नोंद पाहत होते. दोन विमाने बहुधा हवेत आहेत, असे त्यांनी न्यायालयाला सांगितले. देशाच्या सरकारने जे सांगितले नाही, ते नकाशावर सरकणाऱ्या ठिपक्यांनी सांगितले.

पावणेसातच्या सुमारास

बोसबर्ग यांनी घोषणापत्राखाली येणाऱ्या सगळ्यांना एक वर्ग मानून त्यांची हद्दपारी थांबवली आणि सरकारी वकिलांना तोंडी बजावले : या लोकांना घेऊन जे विमान उडणार असेल किंवा हवेत असेल, त्यातली माणसे अमेरिकेत परत आली पाहिजेत, विमान वळवा किंवा आणखी कसेही करा, पण हे तातडीने पाळले जाईल असे पाहा.

दोन्ही विमाने तेव्हा हवेतच होती.

७:२५ च्या सुमारास

लेखी आदेश नोंदला गेला. त्यात हद्दपारीला मनाई होती, विमाने वळवण्याचे वाक्य नव्हते. पुढे सरकारने याच फटीत पाय रोवला. तोंडी बोलणे म्हणजे आदेश नव्हे, विमाने तोवर अमेरिकेच्या हद्दीबाहेर गेली होती, आणि हद्दीबाहेर न्यायाधीशांचा हुकूम चालत नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता.

आपल्याकडच्या तालुका कोर्टातला पट्टेवालाही सांगेल की न्यायाधीशाने भर न्यायालयात वकिलाला दिलेली ताकीद ही आदेशच असते.

७:३६ च्या सुमारास

या वेळेला दोन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. पहिले विमान होंडुरासमधल्या कोमायाग्वाला उतरले, आणि हार्लिंजनहून तिसरे विमान उडाले. त्या तिसऱ्या विमानात १७९८ च्या कायद्याखालचे कुणी नव्हते, सगळ्यांवर नेहमीच्या कायद्याचे हद्दपारीचे आदेश होते, असे सरकारने पुढे शपथपत्रात सांगितले.

रात्री ८ ते ११:३०

दुसरे विमान आठच्या सुमारास कोमायाग्वाला पोचले, तिसरे पावणेदहाच्या सुमारास. तिन्ही विमाने तिथेच उभी राहिली.

या साऱ्या घटनाक्रमातले हे तास मला सर्वांत जड जातात. विमाने उभी होती. आदेश निघून तास उलटले होते. माणसे बेड्यांत, खिडक्यांच्या आत, पण अजून अमेरिकेच्याच ताब्यात होती. हवेत वळवणे अवघड म्हणावे, तर आता ती जमिनीवर होती. परत फिरायला इंधन आणि एक फोन पुरेसा होता. वॉशिंग्टनमध्ये वकील विचारत राहिले आणि त्यांना कुणी काही सांगितले नाही.

मध्यरात्र

बाराच्या आसपास विमाने एकामागून एक एल साल्वाडोरला उतरू लागली. तिथे रात्रीचे दहा वाजले होते. एकूण २६१ माणसे. त्यांत २३ साल्वाडोरी आणि २३८ व्हेनेझुएलन. व्हेनेझुएलन लोकांपैकी १३७ जणांना १७९८ च्या कायद्याखाली आणले होते. विमानांत आठ स्त्रिया आणि एक निकाराग्वाचा पुरुषही होता. त्यांना घ्यायला एल साल्वाडोरने नकार दिला आणि ते अमेरिकेत परतले. विमान माणसांसह परत फिरू शकत होते, हे त्याच रात्री सिद्ध झाले.

२३ साल्वाडोरींमध्ये मेरीलँडला राहणारा एक जण होता. त्याला एल साल्वाडोरला पाठवू नये, असे इमिग्रेशन न्यायाधीशाने २०१९ मध्येच ठरवून दिले होते. ही प्रशासकीय चूक झाली, असे सरकारने पुढे कबूल केले.

या २६१ जणांना तेकोलुकाच्या ‘सेकोत’ तुरुंगात नेले. २०२३ मध्ये उघडलेला, ४० हजार कैद्यांसाठी बांधलेला हा तुरुंग. अमेरिकेने या माणसांना तिथे ठेवण्यासाठी सुमारे ६० लाख डॉलर देण्याचे ठरवले होते. छायाचित्रकार फिलिप होल्सिंगर तिथे हजर होते. केस भादरले जात असताना एक तरुण रडत होता, आपण टोळीतले नाही, केशकर्तनकार आहोत असे सांगत होता, आईला हाक मारत होता, हे त्यांनी लिहून ठेवले. ते ऐकण्याचे काम ज्याचे होते, त्या न्यायालयापासून तो दोन देश दूर होता.

रविवार, १६ मार्च : सकाळ

एल साल्वाडोरचे अध्यक्ष नायिब बुकेले यांनी न्यायाधीशांच्या आदेशाची बातमी समाजमाध्यमावर टाकली आणि वर लिहिले की फार उशीर झाला. सोबत हसणारा चेहरा होता. मग चित्रफीत आली : वाकवलेली डोकी, साखळदंड, जमिनीवर पडलेले केस. व्हेनेझुएलातल्या घरांत आयांनी, बहिणींनी ती थांबवून थांबवून पाहिली. कान, मान, दंडावरचे गोंदण यावरून त्यांनी आपला माणूस ओळखला. कुणालाही सरकारकडून यादी मिळाली नव्हती.

सोमवारपासून पुढे

स्थलांतर खात्याचे अधिकारी रॉबर्ट सेर्ना यांनी शपथपत्रात मान्य केले की नेलेल्यांपैकी अनेकांवर अमेरिकेत गुन्ह्याची नोंद नाही. आणि पुढे लिहिले की त्यांच्याविषयी नेमकी माहिती नसणे यातूनच त्यांचा धोका दिसून येतो. या वाक्यापुढे कोणता माणूस स्वतःला निर्दोष सिद्ध करू शकेल?

२४ मार्चला अपील न्यायालयात न्यायमूर्ती पॅट्रिशिया मिलेट यांनी सरकारला ऐकवले की याच कायद्याखाली नाझींनाही याहून बरी वागणूक मिळाली होती. त्या काळी निदान सुनावणीची मंडळे होती.

७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी बोसबर्ग यांचा आदेश रद्द केला. कारण असे दिले की अर्ज वॉशिंग्टनमध्ये नव्हे, माणूस जिथे कोंडला आहे तिथल्या न्यायालयात, हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशा मागणीच्या, रूपाने करायला हवा होता. पण एका मुद्द्यावर नऊही न्यायमूर्तींचे एकमत होते : माणसाला आधी नोटीस मिळाली पाहिजे आणि न्यायालयात जायला पुरेशी मुदत मिळाली पाहिजे. आभाळातून गेलेल्यांना या एकमताचा उपयोग नव्हता. मागे राहिलेल्यांना झाला. १८ एप्रिलला टेक्सासमधल्या अ‍ॅन्सनच्या केंद्रातून व्हेनेझुएलन लोकांना घेऊन निघालेली बस वाटेत वळून परत आली. त्या दिवशी वकील आधीच एकाहून अधिक न्यायालयांचे दरवाजे ठोठावत होते. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने हद्दपारी थांबवली. पुढे १६ मे रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की सुमारे चोवीस तासांची नोटीस, तीही दाद कशी मागायची हे न सांगता, पुरेशी नाही.

सेकोतमधल्या २५२ व्हेनेझुएलन माणसांना (त्यांत नंतर नेलेलेही होते) १८ जुलैला कैद्यांच्या अदलाबदलीत मायदेशी सोडले गेले. त्यातल्या बहुतेकांनी चार महिन्यांवर तिथे काढले होते. १७९८ च्या कायद्याखाली नेलेल्यांपैकी कुणाचीही टोळीच्या आरोपावर सुनावणी झाली नव्हती.

आपल्या घड्याळात

बोसबर्ग यांनी तहकुबी जाहीर केली तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट होती, तीन वाजायला आले होते. महाराष्ट्र झोपेत होता. पण हे दूरचे प्रकरण नाही. त्याच्या पाचच आठवडे आधी, ५ फेब्रुवारीला, अमेरिकेच्या लष्करी विमानातून बेड्या घातलेले १०४ भारतीय अमृतसरला उतरले होते. त्यात तिघे महाराष्ट्राचे होते. आणि त्याच वर्षी जूनमध्ये मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका भारतीय नागरिकाला बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलले गेले. घरच्यांनी आणि त्याच्या राज्यातल्या अधिकाऱ्यांनी कागदपत्रे पाठवली होती. ती वाचण्याइतकाही वेळ कुणी घेतला नाही. तो भारतीयच असल्याचे निघाल्यावर त्याला परत आणले गेले. दोन देश, दोन सरकारे, पण रीत एकच : आधी न्यायचे, मग तपासायचे.

बेकायदा आलेल्यांना सरकारने परत पाठवूच नये, असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक देशाला तो अधिकार आहे. पण समोरचा माणूस तोच आहे का, हे तपासायला जो वेळ लागतो तो सरकारच्या मेहेरबानीचा नसतो. तो त्या माणसाचा असतो. आणि तो वेळ मिळवून देणारा एकच जण असतो : रात्री फोन उचलणारा वकील. म्हणून न्यूयॉर्कने २०१३ मध्ये स्थानबद्ध स्थलांतरितांना सार्वजनिक खर्चाने वकील देण्याचा उपक्रम सुरू केला, तसे प्रत्येक ठिकाणी व्हायला हवे. आपल्या राज्यघटनेने अनुच्छेद ३२ आणि २२६ मध्ये हेबियस कॉर्पसचा मार्ग ठेवला आहे. पण ‘या माणसाला हजर करा’ हे न्यायालयाला सांगायला बाहेर कुणीतरी लागते. ज्याला सीमेकडे नेले जाते आहे, तो स्वतः अर्ज लिहू शकत नाही.

त्या शनिवारी २३८ व्हेनेझुएलन पुरुष गेले. पाच जण राहिले. त्या पाच जणांची आद्याक्षरे पहाटे एका अर्जावर लिहिलेली होती.